दुर्गेला न दिसलेली आगगाडी

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही बंगाली कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि मी ती वाचली पन्नाशी ओलांडल्यावर, म्हणजे ज्या वयात वाढत्या मुलांच्या कादंबऱ्या आपण भाचरांना भेट देण्यासाठी विकत घेतो. सत्यजित राय यांचा १९५५ चा चित्रपट मात्र फार पूर्वी पाहिला होता, आणि त्या चित्रपटामुळेच कादंबरी मागे राहिली असावी. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असा समज एकदा झाला की पुस्तक हातात घेण्याची निकड उरत नाही. या वर्षी ती आधी इंग्रजी अनुवादात वाचली, आणि तो अनुवाद अपुरा आहे हे कळल्यावर हिंदीतून पूर्ण वाचली. तेव्हा लक्षात आले की ज्या प्रसंगामुळे हा चित्रपट जगभर ओळखला जातो, तो प्रसंग कादंबरीत नाहीच.

पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतातून धावणारी दोन भावंडे आणि त्यांच्या समोरून काळा धूर सोडत जाणारी आगगाडी हे दृश्य ज्याने पाहिले आहे, तो ते विसरू शकत नाही. त्यात दुर्गा धडपडते आणि अपू पुढे निघून जातो हे खरे, पण गाडी त्या दोघांच्याही बालपणात एकदा येऊन जाते. बिभूतिभूषणांनी दुर्गेला तेवढेही दिलेले नाही. कादंबरीत घरच्या गाईचे वासरू हरवते, ते शोधायला निघालेली ही दोघे वासराचे निमित्त सोडून रेल्वेचा रस्ता बघायला म्हणून शेते ओलांडत सुटतात, दलदलीत वाट चुकतात आणि रूळसुद्धा न पाहता घरी परततात. घरी काय सांगायचे ते दुर्गाच ठरवते. पुढे अपू वडिलांबरोबर परगावी जाताना रूळ आणि तारा पाहतो, पण गाडी यायला वेळ असतो आणि हरिहर तिच्यासाठी थांबायला तयार नसतो. त्यानंतर तापाने अंथरुणाला खिळलेली दुर्गा भावाला विचारते की, मी बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील का. ती बरी होत नाही. गाव सोडून जाताना अपू आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसतो, गाडी सुटते, स्थानकाचा सिग्नल मागे पडत जातो, आणि त्याला ते वाक्य आठवते.

ठाण्यात राहणाऱ्या बाईने आगगाडीच्या नावाने हळवे व्हावे, हे जरा हास्यास्पदच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी १४ डबे घेऊन ३४ किलोमीटर धावत आमच्याच गावात आली, हे इथल्या मुलांना लहानपणापासून अभिमानाने सांगितले जाते, आणि मोठेपणी सकाळच्या गर्दीत त्याच स्थानकाच्या पुलावर चेंगरताना तो अभिमान फारसा कामी येत नाही. मी कोपरीला रुळांच्या इतक्या जवळ वाढले की रात्री मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणत, आणि पाहुणे दचकून उठले तरी आम्ही कूसही बदलत नसू. पुढे नोकरीची सगळी वर्षे फोर्टातल्या कचेरीत पोहोचण्यासाठी महिलांच्या डब्यात उभे राहण्यात गेली. घाटकोपरपर्यंत चौथ्या सीटवर टेकायला मिळाले तर तो दिवस चांगला समजायचा. माझ्या लेखी गाडी म्हणजे पकडायची, चुकायची किंवा उशिरा येणारी वस्तू. गाडी बघायची असते, नुसती बघायची, आणि त्यासाठी मुले मार खाण्याची तयारी ठेवून कोसभर चालू शकतात, हे मला या पुस्तकाने सांगितले. बंगालमध्येही हावडा ते हुगळी ही गाडी १८५४ मध्येच सुरू झाली होती आणि कादंबरीतला काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. म्हणजे गाडी देशात येऊन अर्धे शतक उलटून गेल्यावरही इच्छामती नदीकाठच्या त्या निश्चिंदिपूर गावातली एक मुलगी तिच्यापासून काही कोसांवर जगली आणि गेली.

मी घरातली थोरली. या कादंबरीविषयी जे काही लिहिलेले वाचनात आले, ते बहुतेक अपूच्या बाजूने लिहिलेले होते आणि त्यात गैर काही नाही, कारण कादंबरी त्याचीच आहे. पण थोरल्या बहिणीला ती वेगळी वाचता येते. कैऱ्यांचा प्रसंग पाहा. दुर्गा वाऱ्याने पडलेल्या लहान कैऱ्या गोळा करून आणते, आई घाटावर गेलेली असते, आणि ती अपूला तेल-मीठ आणायला आत पाठवते. तेल सांडू नकोस, आईला कळेल, ही ताकीद आधी देते. खाऊन झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघून मिठाचे कण पुसायला सांगते. एवढी काळजी घेऊनही तो जेवताना आईसमोर बोलून बसतो की आंब्याने दात आंबले आहेत, चावता येत नाही. मग त्याची नजर बहिणीकडे जाते. हा प्रसंग वाचताना मी मोठ्याने हसले, कारण माझ्या धाकट्या भावाने माझी जी जी गुपिते फोडली, ती अशीच, कोणताही दुष्ट हेतू नसताना, भाताच्या घासाबरोबर फोडली. खोड्या शोधून काढायच्या, धाकट्याला त्यात सामील करून घ्यायचे, पुरावा पुसायचा, आणि उघडकीला आल्यावर मार आपण खायचा, ही थोरलीची सगळी कामे बिभूतिभूषणांना नेमकी ठाऊक आहेत.

अपूच्या वाट्याला जे येते आणि दुर्गेच्या वाट्याला जे येते, त्यातला फरक लेखक कुठेही ओरडून सांगत नाही. अपू किराणा दुकान चालवणाऱ्या गुरुजींच्या शाळेत जातो. दुर्गा जात नाही, आणि ती का जात नाही असा प्रश्न त्या घरात कोणाला पडतही नाही. अपूला वडिलांची पुस्तके मिळतात, आई वाचते ते महाभारत मिळते, त्यातला कर्ण मिळतो. रथाचे चाक जमिनीत रुतलेल्या कर्णासाठी तो रडतो आणि नंतर हातात काठी घेऊन बांबूच्या बनात एकट्याने युद्ध खेळतो. एका जुन्या ग्रंथात त्याला सापडते की गिधाडाच्या अंड्यात पारा भरून ते तोंडात धरले की माणसाला आकाशात उडता येते. तो गुराख्याच्या पोराकडून, साठवलेल्या कवड्या देऊन, ती अंडी मिळवतो आणि घरात लपवून ठेवतो. मग दुर्गा दिव्याची वात वळायला चिंधी शोधत तिथे येते आणि अंडी फुटतात. किती सहज घडते हे! एकाला उडायचे आहे आणि दुसरीला संध्याकाळचा दिवा लावायचा आहे. रूळ पाहून आलेला अपू अंगणात गुळवेलीच्या वेलांच्या तारा ताणून रेल्वेचा खेळ मांडतो तेव्हा तर हे आणखी स्पष्ट होते, कारण न पाहिलेल्या गाडीचीसुद्धा त्याला निदान नक्कल करता येते.

दुर्गेजवळ पुस्तके नाहीत, पण रानातले कोणते फळ कुठे आणि केव्हा पिकते हे तिला पाठ आहे. अपूला निश्चिंदिपूर ज्यामुळे मोठेपणीही सोडत नाही, ते बांबूचे बन, ती करवंदांसारखी आंबट-तुरट रानफळे, नदीकाठच्या वाटा, हे सगळे त्याने तिच्या मागून फिरताना पाहिलेले आहे. त्याच्या पत्र्याच्या पेटीत रंग उडालेला लाकडी घोडा, पोचा आलेली पिपाणी, थोड्या कवड्या आणि वाळलेले सागरगोटे असतात. सागरगोटे वाचून मी थबकले, कारण आमच्या चाळीच्या गॅलरीत आम्ही मुली दुपारभर तेच खेळत असू आणि बंगालच्या एका मुलाने ते खजिन्यात जपून ठेवलेले असतील असे कधी वाटले नव्हते. कादंबरीच्या मधल्या भागाचे नावही आंब्याच्या कोयीच्या पिपाणीवरून ठेवलेले आहे. कोय दगडावर घासून पिपाणी करायची ही विद्या आमच्याकडे आजोळी पनवेलच्या बाजूला होती. आता त्या वाडीच्या जागी इमारती आहेत.

बिभूतिभूषण भागलपूरच्या बाजूला एका जमीनदारीच्या व्यवस्थापनाच्या नोकरीत असताना ही कादंबरी लिहीत होते. त्यांच्याविषयी अशी आठवण सांगितली जाते की पहिल्या खर्ड्यात दुर्गा नव्हतीच. तिथे एके दिवशी त्यांना वाऱ्याने केस विस्कटलेली एक खेडवळ मुलगी दिसली, तिच्या नजरेत त्यांना काहीतरी सापडले, आणि लिहिलेले बाजूला ठेवून त्यांनी तिला कादंबरीत आणण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून लिहिले. ही आठवण वाचल्यावर मी दुर्गेविना ही कादंबरी डोळ्यांसमोर आणून पाहिली. गरीब ब्राह्मणाचा एक कल्पक मुलगा, पुस्तके, निसर्ग, दारिद्र्य, प्रवास, एवढे उरते. चांगली कादंबरी झाली असती, यात शंका नाही. तिच्यासाठी कोणी रडले असते असे मात्र मला वाटत नाही.

इंदिर ठाकरुण या म्हातारीविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिचा भाग मला पहिल्या वाचनात लांबलेला वाटला होता. कुलीन घराण्यातल्या बहुपत्नीकत्वाच्या रीतीमुळे जिला नवरा असून नसल्यासारखा होता, अशी ही दूरच्या नात्यातली विधवा हरिहरच्या घरी आश्रयाला असते, अपू-दुर्गेची आई सर्वजया तिला घालून-पाडून बोलते आणि शेवटी घराबाहेर काढते. सर्वजयेचा राग येतो, पण लेखकाला तो येत नाही. एका पोटाला पुरेल एवढ्या भातात चार पोटे भरणाऱ्या बाईचा राग कोणावर निघतो हे तो तटस्थपणे दाखवतो. दुर्गेला हीच सर्वजया बदडते, आणि दुर्गा जाते तेव्हा हीच सर्वजया उरते.

दुर्गा पावसाळी वादळाच्या त्या रात्रीनंतर तापाने जाते. वडील कमाईसाठी परगावी असतात, घराची भिंत ढासळलेली असते, डॉक्टर येऊन जातो. तिच्या मृत्यूच्या क्षणी लेखक अंथरुणापासून नजर उचलून आकाशाकडे नेतो आणि अनंताच्या हाकेविषयी काही ओळी लिहितो. अशा ओळी दुसऱ्या कोणी लिहिल्या असत्या तर मी पान उलटले असते, कारण मरणाच्या प्रसंगी तत्त्वज्ञान सांगणाऱ्या लेखकांचा मला कंटाळा आहे. इथे त्या चालल्या. मला वाटते, आधीच्या शंभरेक पानांत त्याने तिच्या तोंडाला लागलेले मीठ, तिच्या फाटक्या पदरातली फळे आणि तिला बसलेले धपाटे इतक्या बारकाईने लिहिले होते की एक परिच्छेद आकाशाकडे बघण्याचा अधिकार त्याने कमावला होता. नंतर हरिहर परत येतो आणि मुलीसाठी आणलेले लुगडे गाठोड्यातून काढतो. तो प्रसंग चित्रपटातही आहे आणि तिथे तो अधिक परिणामकारक आहे असे माझे मत आहे, कारण तिथे सर्वजयेच्या रडण्याच्या जागी वाद्याचा आर्त स्वर येतो आणि कादंबरीला शब्दांखेरीज काही नसते.

माझ्या दृष्टीने कादंबरीचा कणा पुढे आहे. शेजारच्या श्रीमंत घरातून सोन्याची एक छोटी कुंकवाची डबी नाहीशी झालेली असते. आळ दुर्गेवर येतो, त्या घरची मोठी बाई तिला रक्त येईपर्यंत मारते, आणि दुर्गा काहीही कबूल करत नाही. वाचकाला ती निर्दोष वाटत राहते. आपल्याला ती निर्दोष हवीच असते. ती गेल्यानंतर, घर सोडण्याच्या दिवशी सामानाची आवराआवर चाललेली असताना, अपूच्या हाताला एका मडक्यात ती डबी लागते. तो घरात एकटा असतो. आईला सांगत नाही, डबी परत करत नाही, जवळही ठेवत नाही. ती घेऊन बाहेर जातो आणि बांबूच्या बनात दूर फेकून देतो, जिथे पाल्यापाचोळ्यात ती कोणालाही सापडणार नाही. चित्रपटात डबीऐवजी मण्यांची माळ आहे आणि ती तळ्यात पडते, शेवाळ बाजूला सरते आणि पुन्हा मिटते. डोळ्यांना ते अधिक सुंदर वाटते. पण कादंबरीतली डबी सोन्याची आहे, आणि ते लोक उद्याच्या भाकरीची खात्री नाही म्हणून गाव सोडून निघालेले आहेत, हे विसरता येत नाही. तो मुलगा सोने फेकून देतो.

अपू मोठा होतो तो या क्षणी, असे मला वाटते. शाळेत जाऊन, महाभारत ऐकून, गाडीत बसून तो शहाणा होत असेल, पण मोठा तो डबी फेकताना होतो. जेवताना दात आंबल्याचे सांगून टाकणारा मुलगा आता एक गोष्ट पोटात ठेवतो, आणि ठेवतो ती स्वतःसाठी नाही. तोपर्यंत त्याच्या तोंडाचे मीठ बहीण पुसत होती. आता तिच्या मागे राहिलेला एकमेव पुरावा तो पुसतो. तिने चोरी केली होती हे जगात त्याला एकट्याला ठाऊक आहे, आणि तरीही त्याच्या मनात तिची किंमत तसूभरही कमी होत नाही. उलट तिला इतके हवे असलेले काहीतरी कधीच मिळाले नव्हते, हेच त्या डबीने त्याला सांगितले असावे. वाढत्या वयाच्या कादंबऱ्यांत मुले बहुधा प्रेमात पडून, घर सोडून किंवा वडिलांशी भांडून मोठी होतात. गेलेल्या माणसाची अब्रू राखून मोठा झालेला मुलगा मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलेला नाही, आणि मला तो पटतो, कारण आपल्या घरांतूनही माणसे अशीच मोठी होताना मी पाहिली आहेत: कोणाचे कर्ज होते, कोणाचे पहिले लग्न मोडले होते, हे ज्या दिवशी धाकट्यांना कळते आणि ते बाहेर बोलत नाहीत, त्या दिवशी.

माझा धाकटा भाऊ वाशीला राहतो. मी दहावीनंतर टंकलेखन शिकून नोकरीला लागले आणि तो अभियांत्रिकीला गेला, हे आमच्या घरी ठरवून झाले नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. त्या काळी कोपरीतल्या बऱ्याच घरांत हे असेच झाले. पुस्तक मी त्याला दिले ते काही न सांगता. वाचून झाल्यावर त्याचा रात्री फोन आला. “ताई, माझ्या वाटची किती बोलणी खाल्लीस ग तू?” त्याने विचारले. “आता हिशेब काढून काय करणार आहेस?” मी म्हटले. मग त्याने हळूच विचारले की मीही कधी काही लपवून ठेवले होते का. मी ‘हो’ म्हटले आणि काय ते सांगितले नाही. डबीवर आमचे एकमत झाले, शेवटावर मात्र झाले नाही, आणि ते भांडण अजून चालू आहे.

भांडणाचे मूळ त्या इंग्रजी अनुवादात आहे. टी. डब्ल्यू. क्लार्क आणि तारापद मुखर्जी यांचा हा अनुवाद १९६८ चा आहे, त्याची भाषा साधी आणि प्रामाणिक आहे, पण त्यात कादंबरीचा तिसरा भाग गाळला आहे. कुटुंब गाव सोडते, गाडी सुटते आणि पुस्तक संपते. भावाचे म्हणणे असे की हाच खरा शेवट आहे, त्यापुढे काहीही लिहिले तरी ते कमीच पडणार. मूळ कादंबरी मात्र काशीला जाते. तिथे हरिहर मरतो, सर्वजया एका धनिकाच्या वाड्यात स्वयंपाकीण होते, आणि अपू त्या वाड्यात आश्रिताचे पोर म्हणून वावरतो, एकदा वेताचा मारही खातो. निश्चिंदिपूरला परत जाण्याची ओढ त्याला लागून राहते आणि वाटेची देवता त्याला हसून सांगते की तुझी वाट त्या गावात संपलेली नाही, ती पुढेच जाते. देवतेचे हे बोलणे भावाला कीर्तनातल्यासारखे वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही ते एका परिच्छेदाने लांबले आहे असे वाटते.

पण तिसरा भाग गाळायला माझी संमती नाही, आणि त्याचे कारण देवता नसून सर्वजया आहे. जिने इंदिर ठाकरुणला दोन घासांवरून घराबाहेर काढले, ती आता दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या मर्जीने राहते, आपल्या मुलाला आतून एखादा चांगला घास मिळावा म्हणून धडपडते आणि मालकिणींच्या नजरा झेलते. अनुवाद गाडीपाशी थांबला की सर्वजया कायमची कठोर आई राहते. पुढची पाने वाचली की तिचेही वय वाढते, आणि या कादंबरीत फक्त मुलेच मोठी होत नाहीत हे दिसते. शिवाय दुर्गेचा विसर हळूहळू कसा पडतो, आणि कोणत्या वळणावर तो अचानक पडत नाही, हेही त्याच पानांत आहे. एखाद्या घरातले माणूस गेल्यानंतरची खरी वर्षे तीच असतात, शेवटच्या दृश्यानंतरची.

हे सगळे मी भावाला सांगितले. त्याने सर्वजयेची पाने पुन्हा वाचतो असे कबूल केले, देवतेच्या बाबतीत माघार घेतली नाही, आणि ‘अपराजितो’ हा १९३२ मधला पुढचा भाग आधी आपल्याला हवा असे म्हणाला. तो आधी मी वाचणार आहे. थोरलेपणाचे बाकीचे हक्क मी केव्हाच सोडले, हा सोडणार नाही.